पंखा फिरतो, पडदा काळा

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे मेडशीला. बाबा, मी, दोन बॅगा, गॅसची टाकी आणि बाबांचा लाडका डेस्कटॉप. तो त्यांनी अकोल्यापासून टेम्पोत मांडीवर धरून आणला. टाकी घरंगळली तरी चालेल, कॉम्प्युटरला धक्का लागता कामा नये. टेम्पोवाला हसायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं की हसू नको, आमच्या घरात माझ्यापेक्षा त्याचा मान मोठा आहे.

खोली छान आहे. एसटी स्टँडच्या मागे, घरमालकीण बेबीताईंच्या घराला लागून. वर पत्रे, पण पुढे ओटा आणि ओट्यासमोर तुरीचं वावर. तूर फुलावर आली आहे, सगळं पिवळं झालंय. बेबीताईंनी चहा आणला आणि चहा संपायच्या आत माझं लग्न, माझा पगार आणि बाबांचं बीपी हे तिन्ही विषय निकालात काढले. बाबा खूश! आई गेल्यापासून त्यांना इतकं खोदून कोणी विचारलंच नव्हतं. माझं म्हणावं असं आता त्यांच्याशिवाय कोण आहे? ते रमले की मी रमले.

नोकरी मेहबूबभाईंच्या दुकानात. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, ते स्वतः बघतात. मागे दुरुस्तीचं टेबल, ते माझं. टेबलावरचा कॉम्प्युटर दाखवून ते म्हणाले की बेटा, हा तुझा, मी याले हात बी लावत नाही. मी लगेच त्यावर चिठ्ठी चिकटवली, नीलिमा. कॉलेजच्या लॅबमध्ये कंत्राटावर होते तेव्हा माझी म्हणून खुर्चीसुद्धा नव्हती.

बाबांनी सामान लावायच्या आधी कॉम्प्युटर लावला. सकाळी त्यावर बुद्धवंदना, मग पत्त्यांचा डाव, मग जेवण, मग परत डाव. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून जन्म काढलेला हा माणूस पत्त्यांत स्वतःशीच हरतो आणि स्वतःवरच चिडतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मजा येतेय. आज एक गुरुजी कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून घाबरेघुबरे आले. मागची वायर सैल होती, एवढंच. काखेत कळसा. म्हणून माझा क्रम ठरलेला. आधी भिंतीतला प्लग, मग वायर, मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, मग रॅम, आणि सगळ्यात शेवटी मदरबोर्ड. एकेक पार्ट काढायचा, त्या जागी चालू असलेला लावून बघायचा. ज्या पार्टाने मशीन उठलं, तिथला बिघाड. यात अक्कल कमी आणि सबुरी जास्त लागते. माझ्याकडे दोन्हीतली अक्कलच काय ती आहे.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले की आमच्या गाड्याइचंबी असंच असे. बिघाड मरत नसते, जागा बदलते. एका गाडीचा पार्ट दुसरीले लावला की आठवड्यानं पहिली गाडी वर्कशॉपमध्ये.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मनासारखं मशीन आलं. किन्हीराजाच्या लिलाबाई, पन्नाशीच्या. कॅबिनेट चादरीत गुंडाळून, कडेवर पोर घ्यावं तसं एसटीतून घेऊन आल्या. मुलाचं आहे म्हणे. सतीश नाव, तो घरीच लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मग आपला का नाही करत, असं मी विचारलं. त्याची तब्येत बरी नाही, एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

लक्षण नेहमीचं. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा. एसएमपीएस पिन लावून तपासला, ठीक. रॅम काढून खोडरबरने पुसून लावली, काही नाही. मग रॅमशिवायच चालू केलं. धडधाकट बोर्ड अशा वेळी शिट्ट्या मारून ओरडतो. हा गप्प. हार्ड डिस्क काढली, सगळं सगळं काढलं, नुसता बोर्ड आणि पंखा राहिला. पंखा फिरतोय. सारखाही नाही, थोडा हळू, मग थोडा जोरात, मग हळू. वायर काढली तरी जरा वेळ फिरत राहिला. उरलेली वीज असणार.

जाताना लिलाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, नवा पार्ट नोको लावू बाई. वापरातला लाव. रोज कोणी समोर बसते अशा कॉम्प्युटरचा. तुह्या घरचा असन तरी चालते. मला वाटलं काटकसर. हात मात्र त्यांचा बराच वेळ सुटला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकानातली तपासायची रॅम नव्या पद्धतीची, या जुन्या बोर्डात बसत नाही. माझ्या टेबलावरच्या मशीनची पण नवीच. मेहबूबभाई म्हणाले की थांब, अकोल्याहून जुनी मागवतो. घरचा पार्ट आणू का, असं विचारलं तर त्यांनी कानाला हात लावला. त्यांच्या अब्बांच्या रेडिओदुरुस्तीपासूनचा रिवाज आहे म्हणे, घरातलं चालू सामान दुसऱ्याच्या बंद सामानाले लावायचं नाही.

बाबांचा कॉम्प्युटर तसल्याच जुन्या बोर्डाचा आहे. आणि मला कुठला आलाय धीर?

१० नोव्हेंबर, सोमवार

चालू झाला!

सकाळी बाबांची रॅम काढून रुमालात बांधून नेली. पत्ते बंद म्हणून ते फुरंगटले, संध्याकाळी परत आणते म्हणून समजूत काढली. मेहबूबभाई बँकेत गेले तेवढ्यात लावली. एक बारीक शिट्टी, आणि पडद्यावर अक्षरं. मी टेबलावर हात आपटून ओरडले. तारीख तेवढी १ जानेवारी दाखवत होता. बोर्डावरचा बटणाएवढा सेल मेला की मशीनला तारीख आठवत नाही, ते आपलं १ जानेवारीला जाऊन बसतं. सेल बदलला. मग त्यांची जुनी रॅम परत लावली, तर त्यावरही चालू! म्हणजे कुठेतरी धूळ अडकली असेल. गावभर सांगायला हरकत नाही की नीलिमाचा हात लागला.

मी फोन लावायच्या आतच लिलाबाईंचा फोन आला. हुंदके देत होत्या. चालू झाला ना, असं विचारत होत्या. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं तर फोन बंद झाला. दुपारच्या गाडीने येऊन मशीन घेऊन गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी रॅम बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये. पत्ते सुरू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेले. गाडी कधी निंगते, असं विचारलं. कोणती गाडी? तर म्हणाले, भीमा कोरेगावची. आज एक जानेवारी नाही का? दरवर्षी एक तारखेला ते जातात, खरं आहे. पण आत्ता? आत जाऊन पाहिलं तर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तीच तारीख. त्यावरून फसले. आम्ही दोघंही खूप हसलो. सेल बदलला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवा सेल, तरी १ जानेवारी. दुपारी मी जेवायला आले तोवर कॉम्प्युटर बंद पडला होता. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा. रॅम काढली, शिट्टी नाही.

बाबा काळ्या पडद्यासमोर माउसवर हात ठेवून बसलेले. बेबीताई म्हणाल्या की सकाळपासून असेच बसून राह्यले, मले दोनदा विचारलं गाडी कधी येते. पडदा बंद आहे. तारीख त्यांनी कुठे वाचली?

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबा उठले नाहीत.

झोपलेले नाहीत. डोळे उघडे आहेत. श्वास चालू, अंग गरम, हात उचलला तर उचलला जातो आणि ठेवला तर तिथेच राहतो. हाका मारल्या. चेहऱ्यावर पाणी मारलं. डोळ्यांवरून पाणी ओघळलं, पापणी हलली नाही. मी अशी कधी घाबरले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा नाही, तेव्हा बाबा होते.

मेहबूबभाईंनी गाडी करून दिली. अकोल्याला नेतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरी परत आणलं. सगळे रिपोर्ट चांगले. डोकं, हृदय, रक्त, सगळं. डॉक्टर भला माणूस, म्हणाला ताई, मला काही सापडत नाही, खोटं कशाला बोलू.

खाटेवर ठेवलंय. चमच्याने पाणी घालते. खोलीत दोनच आवाज. बाबांचा श्वास थोडा हळू, मग थोडा जोरात, मग हळू. आणि कोपऱ्यातला पंखा, तसाच. मी वायर कधीच काढून ठेवली आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तालुक्याला, मालेगावला, गाडी बदलून किन्हीराजाला गेले. लिलाबाईंचं घर विचारलं तर शेजारीण आपणहून सांगायला लागली. सतीश दिवाळीच्या आधीपासून लाकडासारखा पडून होता, फक्त श्वास. सगळ्यांनी आशा सोडली. अन् एक दिवस अचानक उठून बसला, माय भूक लागली म्हणे. कोणता दिवस? मागल्या आठवड्यातल्या सोमवारी, दुपारच्या आधी.

सतीश अंगणात भाकरी खात होता. मला ओळखायचं कारण नव्हतं, हसला. पोरगा चांगला दिसत होता.

लिलाबाई मला पाहून भिंतीला टेकल्या. काही लपवलं नाही. सतीशनेही असंच कोणाचं तरी मशीन दुरुस्तीला घेतलं होतं, स्वतःच्या कॉम्प्युटरचा पार्ट लावून चालू केलं होतं. त्या घरातली बाई उठली, सतीश पडला. त्या घरच्यांनीच मग लिलाबाईंना सांगितलं. पार्ट कोणताबी चालते, फक्त रोज कोण बसते ते पाह्यजे. मशीन परत द्या, मी उलट लावते, त्याचा पार्ट बाबांच्या मशीनला, असं मी म्हणाले. पाया पडले. त्या रडत होत्या, पण दारातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, मी माय आहो. तू काय केलं असतं? तुह्या घरचं दुकानावर ने. कोणाचा तरी पार्ट लागते.

परतीच्या गाडीत मी त्यांना शिव्या घातल्या. आणि त्याच वेळी मनात एकेक घर मोजत होते, कोणाकोणाकडे तसला जुना कॉम्प्युटर आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी बाबांचं मशीन दुकानात नेलं. का नेलं ते मला ठाऊक आहे. इथे खोटं लिहीत नाही.

मेहबूबभाईंनी स्वतःच ते टेबलावर घेतलं. म्हणाले, तुह्या अब्बांचं आहे, आता रिवाज गेला चुलीत. घरी गेले आणि यूसराच्या कॉम्प्युटरची रॅम घेऊन आले. यूसरा त्यांची मुलगी, बारावीत आहे, रोज त्याच्यासमोर बसून अभ्यास करते. परवा मला शिरखुर्म्याचा डबा आणून दिला, ईद नसताना, दीदी बारीक झाली म्हणून.

त्यांनी रॅम बोर्डावर टेकवली. मी बघत होते. बोलले नाही. बघत होते. मग त्यांच्या हातातून हिसकावली, हात खरचटला त्यांचा. ते चिडले नाहीत. बेटा, घरी जा, जरा आराम कर, असं म्हणाले. मशीन स्वतः उचलून घरापर्यंत आणून दिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. दुसऱ्याचा नाही. माझा.

टेबलावरच्या माझ्या मशीनचा एसएमपीएस काढून आणला. तो कुठल्याही बोर्डाला चालतो. बाबांच्या कॉम्प्युटरला लावला. बटण दाबलं. शिट्टी. अक्षरं.

मागून बाबांचा आवाज, निलू, चहा ठेव ना माय.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबा बसलेत, बोलतात, पत्ते खेळतात. त्यांच्या मशीनला त्यांचाच एसएमपीएस परत लावला, चालतंय. माझा मी दुकानात परत नेलाच नाही. बिघाड त्या डब्यात असेल तर तिथेच मरू दे. धोंड्याने ठेचला आणि बेबीताईंच्या विहिरीत टाकला.

बाबांना सगळं सांगितलं. मला काही झालं तर तुमच्या कॉम्प्युटरचा एकही पार्ट काढायचा नाही, आईची आण घ्या, असं म्हटलं. त्यांनी पत्त्यांचा डाव बंद केला. मग घेतली.

१ जानेवारी, गुरुवार

आज बरं वाटतंय. ऊन कोवळं आहे, समोर तूर फुलावर, सगळं पिवळं. बाबांची गाडी अजून कशी आली नाही? पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सदरा हातातून घेतला.

जानेवारीत तुरीला फुलं नसतात. शेंगा असतात.

कॅलेंडर पाहिलं. नोव्हेंबर आहे. वर मी काय लिहिलं—

१ जानेवारी

परत तेच. हात आपोआप तेच लिहितो. खोडते, तेच लिहितो.

म्हणजे विहिरीने काही झालं नाही. डबा नव्हताच तो. बाबा म्हणायचे ना, जागा बदलते—

बोटं जड. बाबा पाय चोळतात. रडतात, मला कळतं, पण बघायला मान वळवायची तर

भीती वाटते. फार. कोणाला सांगू, तोंड—

१ जानेवारी

बाबा फोनवर. मेहबूबभाई, पोरीच्या टेबलावरचं मशीन बंद आहे. त्यातला डबा नाही. एखादा चालू लावून पाहा ना. घरचा असन तरी—

बाबा नको

आण मोडली नाही त्यांनी. स्वतःचा काढला नाही. मी आण फक्त त्यांच्या मशीनची

माझ्याकडे वळून म्हणाले, मी बाप आहो. तू काय केलं असतं?

यूसरा. यू—

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तारीख बरोबर लिहिली. पहिल्यांदाच बरोबर आली, न खोडता.

हात चालतो. उठून बसले. भूक लागली आहे. भूक लागली याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बाबा गॅसपाशी आहेत, माझ्याकडे बघत नाहीत, भाकरी थापताहेत.

फोन वाजतोय. मेहबूबभाई. थांबला. परत वाजतोय.

मला माहीत आहे ते काय सांगणार. बेटा, यूसरा सकाळपासून विचारून राह्यली, आज एक जानेवारी आहे का. तिचा कॉम्प्युटरबी चालू होऊन नाही राह्यला. तू येऊन पाह्यतं का. आणि मग मला विचारतील, काय लावू? बाप आहेत ते. मी काय सांगू त्यांना? माझा घ्या म्हणू? तोंडातून निघेल का आता? की म्हणेन, मेहबूबभाई, नवा नका लावू, कोणाच्या तरी घरून एक चालू—